जून महिन्याची तरतूद

(मराठवाड्यातील एका पंचायत समितीच्या सभागृहात शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विस्तार कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘अल्प उत्पन्न, बचत आणि पूरक मिळकत’ या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. या विषयावरील व्याख्यानाचा एक साचा ठरून गेला आहे. वक्त्याने काटकसरीचे महत्त्व सांगावे, थेंबाथेंबाने तळे साचते याची आठवण करून द्यावी, श्रोत्यांनी मान डोलवावी आणि चहा घेऊन सर्वांनी आपापल्या गावी जावे. मी स्वतः अशी व्याख्याने दिलेली आहेत आणि त्यांचा कोणाला उपयोग झाल्याचे मला आठवत नाही. ज्या घरात सायंकाळची भाजी घ्यावयाची की नाही हे दुपारच्या मजुरीवर ठरते, त्या घरातील गृहिणीला काटकसर शिकविणे हे धाडसच म्हटले पाहिजे. काटकसर तिला आपणा सर्वांपेक्षा अधिक येते.

तेव्हा आज मी काटकसरीवर बोलणार नाही. मी एका महिन्यावर बोलणार आहे. तो महिना म्हणजे जून.

आपल्या भागातील एक साधे कुटुंब डोळ्यांपुढे आणू. दीड एकर कोरडवाहू जमीन, पती-पत्नी दोघेही मजुरी करणारी, दोन मुले शाळेत. हे कुटुंब वर्षातील बहुतेक महिने, जेमतेम का होईना, पण आपल्या मिळकतीत भागविते. जून उजाडला की मात्र सारे खर्च एकदम दारात उभे राहतात. बियाणे, खत, पेरणीचे भाडे. छपरावरचे पत्रे पावसापूर्वी नीट करणे. सरपण आणि धान्य भरून ठेवणे, कारण झड लागली की मजुरीचा भरवसा नाही. त्यातच शाळा उघडते. पहिली ते आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात हे खरे. परंतु वह्या, दप्तर, चपला, छत्री ही यादी काही लहान नसते, आणि मुलगा नववीत गेला की पुस्तकेही तीत येतात. या सर्वांची बेरीज हिशेबाच्या सोयीसाठी १५,००० रुपये धरू.

यातील एकही खर्च अकस्मात उद्भवलेला नाही. मागील जूनमध्येही तो होता आणि पुढील जूनमध्येही असणार आहे. तरीसुद्धा तो दरवर्षी संकटासारखा येतो, याचे कारण खर्च जूनचा आणि पीक दिवाळीचे, अशी दोहोंची चुकामूक झालेली आहे. मधल्या पाच महिन्यांची किंमत कोणीतरी वसूल करतो. गावात शेकडा पाच रुपये दरमहा हा दर कोणाला नवा नाही. १५,००० रुपये या दराने जूनच्या आरंभी घेतले आणि सोयाबीन विकून पाच महिन्यांनी फेडले, तर व्याज होते ३,७५० रुपये. आता हेच १५,००० रुपये वर्षभरात बाजूला टाकावयाचे म्हटले, तर महिन्याला १,२५० रुपये लागतात. म्हणजे एका जूनचे व्याज हे तीन महिन्यांच्या संपूर्ण बचतीइतके आहे.

कोणी म्हणेल, ‘महिन्याला साडेबाराशे आम्हाला झेपत नाहीत.’ मान्य आहे. सहाशे टाकावेत. वर्षाचे ७,२०० रुपये झाले. उरलेले ७,८०० कर्जाऊ घेतले, तर पाच महिन्यांचे व्याज १,९५० रुपये होते. म्हणजे ३,७५० मधून १,८०० रुपये वाचले. साठविलेल्या ७,२०० रुपयांनी अवघ्या पाच महिन्यांत १,८०० रुपये मिळवून दिले. कोणतीही बँक, कोणतीही शासकीय योजना एवढे व्याज देत नाही आणि देऊ शकणार नाही. गरीब कुटुंबाला मिळू शकणारे सर्वांत मोठे व्याज हे न काढलेल्या कर्जावरचे असते. ही गोष्ट एकदा कागदावर मांडून दाखविली, की बचतीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे, की सरळव्याजाचे उदाहरण फळ्यावर घालताना मूळ रक्कम, दर आणि मुदत हीच घ्यावी. मुलगा ते गणित घरी जाऊन सांगेल.

सावकारीला कायद्याचा पायबंद नाही असे नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले आणि त्यानंतर १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला, हा इतिहास आपण जाणता. आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परंतु जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्याला पैसा हवा असतो, तो कायद्याचे कलम विचारत बसत नाही. शिवाय त्या आठवड्यात साऱ्या गावालाच पैसा हवा असतो. भाऊ भावाला, शेजारी शेजाऱ्याला एरवी हातउसने देतो. जूनमध्ये देणारा आणि मागणारा दोघेही एकाच रांगेत उभे असतात. सावकाराचे सामर्थ्य त्याच्या तिजोरीत असते त्याहून अधिक या रांगेत असते.

ही वेळेची चुकामूक केवळ शेतीतच असते असे नाही. मुंबईच्या गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेले हजारो कामगार खानावळीत जेवत असत. या खानावळी बहुधा एखादी गृहिणी आपल्याच खोलीत चालवी. तिला मिळकत होती, कष्ट करण्याची तयारी होती, गिऱ्हाईक बांधलेले होते. पण कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, आणि पीठ, डाळ, तेल, रॉकेल लागणार रोजच्या रोज. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या पैशावर निघत, आणि नफ्याचा मोठा भाग त्यांच्याकडेच जाई. प्रेमाताई पुरव यांनी या स्त्रियांना एकत्र करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना छोटी कर्जे मिळवून दिली. त्या स्त्रियांना कोणी नवा धंदा शिकविला नाही. स्वयंपाक त्यांना येतच होता. खर्च आणि वसुली यांच्या मधला काळ तेवढा स्वस्त पैशाने भरून काढला गेला. पूरक धंद्याची चर्चा करताना आपण नव्या धंद्यांच्या याद्या करतो, पण चालू धंद्यातील गळती पाहत नाही, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम दिले.

आता, जूनसाठी बाजूला टाकलेला पैसा ठेवावा कोठे? घरात ठेवला तर तो उरत नाही. येथे अनुभवाचे दाखले देण्याची गरज नाही. डाकघराची आवर्ती ठेव सुरक्षित आहे, महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते, आणि १९७२ पासून चाललेल्या योजनेतील महिला प्रतिनिधी घरी येऊन हप्ता नेतात. २०२४ च्या ६.७ टक्के दराने महिना १०० रुपयांचे पाच वर्षांनी ७,१०० रुपयांच्या वर होतात. परंतु तिची मुदत पाच वर्षांची आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. बारा हप्ते भरून एक वर्ष झाल्यावर शिलकेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्याचे व्याज ठेवीच्या दरापेक्षा २ टक्के अधिक असते, आणि शेकडा पाच दरमहाच्या तुलनेत ते काहीच नव्हे. तरीही ही ठेव मुख्यतः मुलीच्या अकरावीसाठी, विहिरीच्या मोटारीसाठी योग्य. दरवर्षीच्या जूनसाठी बँकेची बारा महिन्यांची आवर्ती ठेव बरी. ती जूनमध्ये उघडावी, म्हणजे पुढील जूनमध्ये हाती येते.

भिशी हा आपला जुना मार्ग आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. ओळखीच्या माणसांपुढे हप्ता चुकविण्याची लाज वाटते, आणि ती लाजच बचत घडविते. पण बारा जणांच्या फिरत्या भिशीत मे महिन्याची पाळी एकालाच मिळते आणि ती हवी असते बाराही जणांना. जेथे लिलावाची भिशी चालते तेथे तर ज्याची नड मोठी तोच अधिक रक्कम सोडतो, म्हणजे सावकाराऐवजी त्याच्या गरजेचा फायदा शेजारी घेतात. त्यापेक्षा अनेक गावांत दिवाळीफंड चालतो तो पाहावा. वर्षभर सर्वांनी हप्ते टाकावयाचे, मध्ये कोणी उचल घ्यावयाची नाही, आणि दिवाळीपूर्वी ज्याची रक्कम त्याला परत. याच रीतीने जूनफंड का काढू नये? मेच्या शेवटच्या आठवड्यात वाटप करावे. रक्कम मात्र कोणाच्या कपाटात न ठेवता तिघांच्या सहीने बँकेत ठेवावी.

बचत गटांच्या भगिनींनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. गटाचे अंतर्गत कर्ज दरमहा शेकडा दोनने असले तरी ते व्याज गटातच राहते, ही मोठी गोष्ट आहे. पण मी पाहिलेल्या बऱ्याच गटांच्या वह्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नसराईसाठी कर्जे वाटून मेअखेर शिल्लक जवळजवळ शून्य झालेली असते. मग गटाची सदस्य जूनमध्ये त्याच जुन्या ओट्यावर जाऊन बसते. एप्रिलनंतर येणारी वसुली जूनसाठी राखून ठेवण्याचा ठराव गटाने एकदा करून पाहावा.

पतसंस्थेत दररोज पिग्मी भरणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. दारात येऊन दहा-वीस रुपये नेणारा माणूस ही गरिबाच्या बचतीची मोठीच सोय आहे. एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. नावात साम्य असते, पाटीचा रंगही सारखा असतो, आणि संचालक आपल्या ओळखीचे असतात. ओळख म्हणजे विमा नव्हे. पिग्मी जरूर भरावी, पण वर्षाची साठलेली रक्कम बँकेत किंवा डाकघरात हलवावी. आणि ज्यांनी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घातले आहे, त्यांचा वार्षिक २० रुपयांचा हप्ता मेअखेरच खात्यातून वळता होतो. खाते रिकामे असले तर दोन लाखांचे अपघाती संरक्षण वीस रुपयांअभावी खंडित होते.

पैशात न मोजली जाणारीही एक बचत आहे, आणि ती जूनच्या खर्चात सर्वांत मोठी भर टाकणाऱ्या बाबीतच आहे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्याच्या सरळ वाणाचे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते. दरवर्षी नवी पिशवी घेण्याची आवश्यकता नाही. संकरित कापसाचे तसे करता येत नाही. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण फार पातळ असते, म्हणून बियाण्याचा ढीग मळणीच्या वेळीच वेगळा काढावा, यंत्राचा वेग कमी ठेवावा, पोती एकावर एक फार रचू नयेत व उंचावरून आदळू नयेत. मेमध्ये शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत आणि आठवडाभरात किती उगवले ते मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे चांगले. एकरी तीस किलो पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. कृषी सहायक हे प्रात्यक्षिक गावोगाव करून दाखवितात, पण ते शाळेच्या व्हरांड्यात मुलांच्या हातून झाले तर अधिक लवकर पसरेल. जमीन ज्यांच्या नावे आहे त्यांनी पीककर्जाचा मार्गही सोडू नये. वेळेवर फेडणाऱ्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने मिळावे अशी सवलत राज्याने २०२१-२२ मध्ये दिली. ‘वेळेवर’ हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. पीककर्ज लग्नात खर्च झाले की ते वेळेवर फिटत नाही.

पूरक मिळकतीचा विचारही याच पंचांगाने करावा, असे माझे मत आहे. धंद्यातून वर्षाला किती मिळते यापेक्षा ते कोणत्या महिन्यात मिळते, हे आधी विचारले पाहिजे. मेमध्ये हाती आलेले पाच हजार हे जानेवारीतील पाच हजारांपेक्षा अधिक मोलाचे असतात.

शेळीचे घ्या. उस्मानाबादी शेळी आपल्याच मातीतील, काटक, आणि जुळी करडे देणारी म्हणून प्रसिद्ध आहे. तिचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. नर करडे आपण बहुधा लहानपणीच, अडचण आली की, येईल त्या भावाने विकून टाकतो. बकरी ईदसाठी मात्र वर्षाचा पूर्ण झालेला निरोगी बोकड लागतो आणि त्याला भाव चांगला मिळतो. ही ईद चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते: २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. २०२६ ते २०२८ या तीन वर्षांत ती मेमध्ये येते आणि नंतर एप्रिलमध्ये सरकते. म्हणजे पेरणीच्या अगदी तोंडावर बोकडाचा बाजार भरण्याचा हा योग आहे, आणि तो काही कायमचा नाही. वसंतात जन्मलेले दोन नर वर्षभर सांभाळले तर जूनचा बराचसा भार ते उचलतील. विकताना व्यापाऱ्याच्या नजरेवर न जाता काट्यावर वजन करून विकावे. एक ताणकाटा साऱ्या वस्तीला पुरतो.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. विस्तार कार्यात असताना मी एका कुटुंबाला शेळ्या घेण्याचा आग्रह केला. हिशेब चोख मांडला होता. किंमत, औषध, खुराक, विक्री, सारे काही. चार शेळ्या झाल्या, कर्ज फिटले, आणि मी अहवालात त्या घराचा यशस्वी म्हणून उल्लेखही केला. पुढे शाळेत गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी हजेरीपट उघडून दाखविला. सहावीतील त्या घरच्या मुलीच्या नावापुढे दिवाळीपासून गैरहजेरीच्या खुणा होत्या. शेळ्यांमागे तीच जात होती. माझ्या हिशेबात चराईचा खर्च शून्य होता, कारण तो तिने भरला होता. तेव्हापासून जोडधंद्याचा कोणताही हिशेब मांडताना ‘हे काम कोण करणार’ असा एक रकाना मी घालतो. चार घरांनी मिळून एक राखणारा ठेवला, किंवा बांधावर शेवरी-सुबाभूळ लावून शेळ्या काही वेळ गोठ्यातच ठेवल्या, तर खर्च वाढतो व नफा घटतो हे खरे. पण तोच खरा नफा होय. शिक्षकांनी हजेरीपटातील अशा खुणा विस्तार अधिकाऱ्यांना कळवाव्यात.

दुसरा धंदा वाळवणाचा. पापड, कुरडया, शेवया, सांडगे करण्याचे दिवस मार्च ते मे, विक्रीचे दिवसही तेच, आणि भांडवल थोडे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून उभी राहिलेली लिज्जत ही संस्था सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पहिल्या वर्षाची एक हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. पावसाळा लागला आणि पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर पसरले, स्टोव्ह खाटेखाली ठेवला आणि काम पावसातही चालू राहिले. बचत गटाला प्रशिक्षण द्यावयाचे तर आधी गटाच्या अशा खाटेचा विचार व्हावा, असे मला वाटते. सरपणाचा, तेलाचा आणि लाटणाऱ्या हातांच्या मजुरीचा हिशेब मात्र येथेही सोडू नये.

कोंबडीपालन, परसबाग यांविषयी आपण सारे पुष्कळ ऐकून आहात. ती घरच्या खाण्यासाठी उत्तम, रोख पैशासाठी बेताची, एवढेच म्हणतो.

आता अधिकारी बंधूंना थोडे. आपल्या टेबलावरील एखादे देयक मेमध्ये अडकले आणि जुलैअखेर निघाले, तर कागदोपत्री काहीच बिघडत नाही. रक्कम पूर्ण मिळालेली असते. पण मजुरीचे किंवा मानधनाचे सहा हजार रुपये त्या दोन महिन्यांसाठी ज्याने शेकडा पाचने उचलले, त्याचे सहाशे रुपये गेलेले असतात. ते कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाहीत. त्रुटी असल्यास ती एप्रिलमध्येच कळवावी, म्हणजे मेमध्ये पैसे निघतील. तसेच घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीचा जोर मार्चअखेर असतो. ज्या घरी पीक दिवाळीला येते, त्या घरी वसुलीसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेल्यास ग्रामपंचायतीलाही पैसा सुलभ मिळेल आणि मार्चमध्ये त्या घराच्या जूनच्या शिलकेला हात लागणार नाही.

१ मेची ग्रामसभा तर अगदी तोंडावर असते. तिच्या विषयपत्रिकेत जूनच्या तरतुदीचा एक विषय घालावा आणि सेवा सहकारी संस्थेचे सचिव, बँकेचे शाखाधिकारी, कृषी सहायक यांना त्या दिवशी बोलवावे. पशुधन पर्यवेक्षकांनाही निरोप द्यावा आणि लसीकरणाच्या तारखा सोबत आणण्यास सांगावे. शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचावी लागते, आणि मे उलटला की ती वेळ निघून जाते.